चाळीस खाटांचं गाव

गुरुवारी खाटा मोजायला येणार, हे मला महिनाभर आधीपासून माहीत होतं. आणि महिनाभर मी ठरवत होतो की गुरुवारी सांगून टाकायचं. लेकीला फोनवरही तसंच सांगत होतो.

"बाबा, सांगितलंत का त्यांना?"

"गुरुवारी सांगतो."

"मी इकडे खोली रिकामी करून ठेवलीय. पडदेसुद्धा लावले. तुम्ही नुसतं कपडे घेऊन यायचंय."

"गुरुवारी नक्की."

ती रेल्वेनं एक दिवसाच्या अंतरावर राहते. तिची आई जाऊन सात महिने झाले. आईनंतर बाबांनी एकट्यानं त्या घरात राहू नये, असं तिचं म्हणणं, आणि माझंही तेच होतं. पण गावाला हे सांगायचं म्हणजे काय, ते तिला कळत नव्हतं. त्यासाठी आधी खाटांचं समजून घ्यावं लागेल.

आमच्या तळ्याच्या काठावर तीन गावं आहेत. एक स्टेशनचं गाव, तिथे गाडी थांबते. दुसरं गिरणीचं गाव, गिरणी बंद पडली तरी नाव तेच राहिलं. तिसरं आमचं, रस्ता संपतो तिथलं. तळं बघायला माणसं पूर्वीपासून यायची. तिन्ही गावांना वाटायचं, ती आपल्याकडेच यावीत. तिघांनी आपापल्या हद्दीत काठानं पायवाट बांधली. फरसबंदी केली, दिवे लावले, बाकं टाकली. आणि हद्द आली की पायवाट थांबायची. पुढे हातभर उंच गवत, मग दुसऱ्या गावाचे दिवे. बाहेरची माणसं तिथवर यायची, गवताकडे बघायची आणि परत फिरायची. तिन्ही गावांच्या वेशीवर पाट्या होत्या, 'तळ्याचं मुख्य प्रवेशद्वार'. तीन मुख्य प्रवेशद्वारं, आणि आत जायला धड वाट एकही नाही.

मग एकदाची एक समिती झाली. पाहुण्यांकडून घेतलेला कर तिन्ही गावांनी एकत्र ठेवायचा आणि एकत्र खर्च करायचा असं ठरलं. पायवाटा जोडल्या. स्टेशनपासून आमच्यापर्यंत दिवसातून सहा वेळा बस सुरू झाली. आमच्या गावातर्फे समितीवर मी होतो. मी सुतारकाम करणारा माणूस, सभेत बोलायची सवय नाही. पण गावातल्या निम्म्या खाटा मीच बनवलेल्या, म्हणून मला पाठवलं असावं.

त्या वेळी स्टेशनच्या गावातली पैसेवाली माणसं आमच्याकडची घरं विकत घ्यायला लागली होती. घर घ्यायचं, अकरा महिने कुलूप लावायचं, एक महिना भाड्यानं द्यायचं. मी घरी येऊन हे सांगितलं. बायको भांडी पुसत होती.

"अहो, मग नियम करा ना," ती म्हणाली. "ज्या घरात मालक स्वतः झोपतो, त्याच घरातल्या पाहुण्यांच्या खाटा मोजायच्या. आणि प्रत्येक गावात निदान चाळीस हव्यात. कमी भरल्या तर त्या गावाला समितीत जागा नाही, बसही नाही. मग बघा कोण कुलूप लावतंय ते. गावच लावू देणार नाही."

"आणि आपल्याच गावात कमी भरल्या तर?"

"आपण आहोत की. आठ तर आपल्याच घरात आहेत. आपण कुठे जाणार?"

मी तो नियम सभेत मांडला, तिच्याच शब्दांत. तो मंजूर झाला. आयुष्यात माझं म्हणणं एवढ्या लोकांनी कधी ऐकलं नव्हतं.

पहिल्या वर्षी प्रत्येक गावानं आपल्या खाटा स्वतः मोजल्या, तर तिन्ही गावांत मिळून माणसांपेक्षा खाटा जास्त निघाल्या. म्हणून मोजणारा दुसऱ्या गावचा असावा असं ठरलं. त्यातही कुणीतरी फळांच्या खोक्यांवर चादर घालून खाट दाखवली. मग आणखी ठरलं, की मोजणाऱ्यानं प्रत्येक खाटेवर बसून बघायचं. मोजणी तीन वर्षांतून एकदा. मालकानं सही करायची, की पुढची तीन वर्षं मी या घरात राहीन.

गेल्या वर्षी वरच्या आळीतल्या दोघी बहिणींनी घर बंद केलं. त्यानंतर आमच्या गावात बरोबर चाळीस खाटा उरल्या. एकही जास्त नाही. त्यातल्या आठ माझ्या.

आता खरी गोष्ट. वरच्या मजल्यावर पाहुण्यांच्या चार खोल्या आहेत. खाली स्वयंपाकघर आणि त्यामागे आमची झोपायची खोली. तळं सगळ्यात चांगलं त्या खोलीतून दिसतं. बायको त्याच खोलीत गेली, पलंगाच्या खिडकीकडच्या बाजूला. तिला नेल्यावर मी त्या खोलीचं दार घासायला काढलं. चौकट फुगली होती, ते खरंच होतं. दार घासून होईपर्यंत म्हणून मी वर तीन नंबरच्या खोलीत झोपलो. दार दोन दिवसांत बसवलं, कुलूप लावलं, किल्ली खिशात ठेवली. पण झोपायला खाली आलो नाही.

म्हणजे तीन नंबरच्या दोन खाटा गेल्या. मालक झोपतो ती खोली पाहुण्यांची धरत नाहीत. चाळीस उणे दोन, अडतीस.

हे माझ्या लक्षात आलं, तेव्हा मला काय वाटलं ते स्पष्ट सांगतो. मला बरं वाटलं. मला कुणाच्या तोंडावर 'मी चाललो' म्हणायची गरजच नव्हती. मोजणाऱ्यानं अडतीस लिहिलं की झालं. बस बंद, समिती बंद. मग मी राहिलो काय नि गेलो काय, कुणी अडवणार नव्हतं.

बुधवारी दुपारी बेकरीवाली आली. शेजारीच राहते. माझ्या बायकोला ताई म्हणायची, त्यामुळे मी भावोजी. हातात पाव होता. पाव असला की तिला काहीतरी बोलायचं असतं.

"भावोजी, उद्या पोस्टमास्तर मोजायला येतायत. तीन नंबरमधला पसारा आवरलात का?"

"कसला पसारा?"

"मला वेडी समजता काय? सात महिने तीन नंबरचा दिवा बघतेय मी माझ्या ओट्यावरून."

ती खुर्ची ओढून बसली.

"खालची खोली मी आवरून देते. तुम्ही आत पाऊलसुद्धा टाकू नका. नुसती तुमची चप्पल पलंगाखाली ठेवू आणि चष्मा उशाशी. मास्तर बघतील, लिहितील, जातील. मग झोपा कुठे झोपायचं ते. गच्चीवर झोपा."

"मला खोटं नाही दाखवायचं."

"अहो, एक दिवस! नाटकात काम करतात लोक, त्यांना कुणी खोटारडे म्हणतं का?" मग तिचा आवाज खाली आला. "सात वाजताच्या बसनं माझा पाव स्टेशनच्या शाळेत जातो. बस गेली तर मी काय पाव डोक्यावरून नेऊ? दोन पोरी कामाला ठेवल्यात मी. त्यांना काय सांगू?"

"कुणी तुला म्हटलं बस जाणार?"

"तुमचं तोंड म्हणतंय." ती उठली. "ताई असती तर तिनं तुम्हाला कानाला धरून खाली आणलं असतं."

"ताई असती तर मी वर गेलोच नसतो," मी म्हणालो.

ती गेली. पाव ठेवून गेली. मी तीन नंबरमधलं काहीही हलवलं नाही. उलट दुसरा चष्माही खिडकीत ठेवला.

गुरुवारी दहाच्या बसनं पोस्टमास्तर आले. स्टेशनच्या गावचे, निवृत्त झालेले, पण सगळे अजून मास्तरच म्हणतात. बगलेत वही, कानावर पेन्सिल. आमची ओळख समितीतली. माझ्या नियमाच्या विरोधात पहिलं मत त्यांचं होतं.

"काय मिस्त्री, आहे ना अजून सगळं जागेवर?"

"बघा की."

"बाकीचं गाव बघून आलो. बत्तीस. एका खाटेवर मांजर होतं, उठायला तयार नाही. मी म्हटलं, बाई, तू मालक आहेस का?"

मी हसलो नाही, तसे ते गंभीर झाले. बायकोच्या आजारात ते दोनदा येऊन गेले होते.

वर गेलो. ते प्रत्येक खाटेवर बसत, दोनदा उसळत, उठत, लिहीत. एक नंबर, दोन. दोन नंबर, दोन. चार नंबर समोरच होती म्हणून ती आधी घेतली, दोन. मग तीन नंबरचं दार उघडलं आणि थांबले. विस्कटलेली गोधडी, औषधाच्या बाटल्या, खिडकीत दोन चष्मे, खाटेखाली माझी चप्पल.

"हे कोणाचं?"

"माझं. मी झोपतो इथे."

एवढंच बोललो. पुढचं वाक्य तयार होतं, महिनाभर तयार होतं. ते बाहेर आलं नाही. मला वाटलं, आता गरजच नाही.

मास्तर खाटेवर बसले नाहीत. स्टुलावर बसले, वहीवर बोट फिरवलं.

"बत्तीस आणि सहा. अडतीस."

"हो."

"मिस्त्री, अडतीस म्हणजे काय, कळतंय ना?"

"नियम मीच केलाय."

खाली रस्त्यावर बसवाला कंडक्टरशी बोलत होता, ते वरपर्यंत ऐकू येत होतं. छातीवरची फळी कुणीतरी उचलावी तसं मला मोकळं वाटलं. सात महिन्यांत पहिल्यांदा. मास्तर डोकं खाजवत बसले होते. मग त्यांनी वर बघितलं.

"म्हणजे खालची खोली रिकामी?"

"बंद आहे."

"बंद म्हणजे रिकामीच ना. किल्ली?"

किल्ली खिशातच होती. 'हरवली' म्हणता आलं असतं. पण मी आदल्याच दिवशी बेकरीवालीला सांगितलं होतं, मला खोटं नाही दाखवायचं. मी किल्ली दिली.

दार आवाज न करता उघडलं, मीच घासलं होतं. आत कोंदट वास होता. मास्तरांनी पडदा सरकवला, तळं समोर आलं. ते पलंगाजवळ गेले आणि खिडकीकडच्या बाजूला बसले. दोनदा उसळले.

"हा तुम्हीच केलेला?"

"लग्नाच्या वर्षी."

"काय काम आहे! आवाज नाही." ते दुसऱ्या बाजूलाही बसले, मग वही मांडीवर घेतली. "दोन माणसांचा पलंग म्हणजे दोन खाटा. अडतीस आणि दोन, चाळीस."

"मास्तर, ही आमची खोली आहे."

"तुमची वरची. तुम्हीच म्हणालात. मालकानं घरात झोपायचं एवढंच नियमात आहे, कुठल्या खोलीत ते नाही. मी चार वेळा वाचलाय तो नियम, विरोध करायचा होता म्हणून." ते हसले. त्यांचे डोळे भरून आले होते. "तेव्हा मी हरलो. आज कळतं, वहिनींनी किती विचार करून केला होता. तुमच्या तोंडून ऐकला तेव्हाच मला कळलं होतं तो कुणाचा आहे. भक्कम आहे, मिस्त्री. कुठूनही निसटता येत नाही."

त्यांना वाटत होतं, त्यांनी मला वाचवलं. दारात बेकरीवाली उभी होती. तिच्या हाताला पीठ लागलेलं होतं. ती माझ्याकडे बघत नव्हती, वहीकडे बघत होती.

"चाळीस?" तिनं विचारलं.

"चाळीस," मास्तर म्हणाले आणि पेन्सिल वहीत ठेवून माझ्या हातात पेन दिलं.

तेव्हा तरी बोलायचं होतं. मी लेकीकडे चाललो, एवढे तीन शब्द. बसवाल्यानं हॉर्न दिला. मास्तर म्हणाले, "करा लवकर, ही चुकली तर दोन तास." बेकरीवालीनं पदरानं डोळे पुसले, तर गालाला पीठ लागलं. मी सही केली. तीन वर्षं.

शनिवारी समितीच्या कार्यालयातून निरोप आला. नव्या खोलीतून तळं फार छान दिसतं असं मास्तरांनी कळवलंय, म्हणून ती पहिल्याच जोडप्याला दिली आहे. संध्याकाळच्या बसनं येतील. दारावर नंबर असणं आवश्यक.

मी चादरी बदलल्या. तिची उशी धुतलेल्या अभ्र्यात घातली. कपाटातले तिचे कपडे वर नेले, तीन नंबरमध्ये, माझ्या खाटेसमोरच्या खाटेवर ठेवले. मग स्क्रूड्रायव्हर घेऊन वरच्या दाराचा पितळी तीन काढला. तो मीच कापला होता, थोडा तिरका आहे. ती म्हणायची, तिरका असू दे, लोकांच्या लक्षात राहील.

खालच्या दाराला तो धरून भोकांच्या खुणा करत होतो, तेव्हा फोन वाजला. लेकीचाच असणार, शनिवारी ती याच वेळी करते. चारही स्क्रू माझ्या ओठांत धरलेले होते आणि एक हात आकड्यावर. फोन वाजून थांबला, पुन्हा वाजला. मी एक एक स्क्रू घेऊन बसवत गेलो. चौथा पक्का बसेपर्यंत बस कोपऱ्यावर आली होती.