जेलीच्या गोळ्यांचं माप

डबा फिरत फिरत धाकटीपर्यंत पोचला, तेव्हा मिलीताई बेसिनपाशी पाठमोरी उभी राहून हात धूत होती. वळून न बघताही तिला ते कळलं, कारण मागचं बोलणं थांबलं होतं. धाकटी कुठलाही पदार्थ विचारल्याशिवाय तोंडात टाकत नाही, हे लॅबमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं.

"मिलीताई, यात चायना ग्रासच आहे ना? ते समुद्री शेवाळाचं?"

मिलीताईने नळ बंद केला. हात पुसायला तिला नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ लागला.

"हो," ती म्हणाली.

धाकटीने लाल गोळी तोंडात टाकली, डोळे मिटून चावली आणि लगेच दुसरी उचलली.

निवृत्त होणाऱ्या, रक्त काढणाऱ्या काकांचा निरोप समारंभ होता. सुई टोचून झाली की रडक्या पोराच्या हातावर जेलीची गोळी ठेवायची, हा त्यांचा तीस वर्षांचा रिवाज. म्हणून पंधरा दिवसांपूर्वी मिलीताईनेच जाहीर केलं होतं, की काकांच्या निरोपाला या गोळ्या ती घरी करून आणेल, आणि त्या धाकटीलाही खाता येतील अशा असतील. धाकटी काउंटरवर बसायची. वयाने चाळिशीला टेकलेली, पण सगळ्यांत शेवटी नोकरीला लागली म्हणून धाकटी. ती मांस-मच्छी सोडाच, अंडंही खात नसे, आणि बाजारातल्या गोळ्यांत जनावरांच्या हाडाकातड्यातून काढलेलं जिलेटिन असतं म्हणून त्यांना तिने जन्मात हात लावला नव्हता. मिलीताईलाही कुणी खऱ्या नावाने हाक मारत नसे. चहातली साखरसुद्धा ही बाई मिलिग्रॅममध्ये मोजत असेल, असं डॉक्टरीणबाई एकदा म्हणाल्या आणि ते नाव चिकटलं. बावीस वर्षांत तिच्या हातून एकही चुकीचा आकडा रिपोर्टात गेला नव्हता. तिच्याकडे मिरवण्यासारखं तेवढंच होतं.

चायना ग्रासच्या गोळ्या तिने चार वेळा करून पाहिल्या होत्या. चारही वेळा त्या दिसायला बऱ्या आणि चावायला खोडरबरासारख्या झाल्या. दातांखाली आल्या की सरळ तुकडे पडत, ताणल्या म्हणून जात नसत. "लॅबमध्ये जंतू वाढवता ते याच्यावरच ना?" नवऱ्याने एक चावून विचारलं होतं. "मग त्यांनाच दे. ते तक्रार करणार नाहीत."

शेवटी आदल्या संध्याकाळी तिने जिलेटिनचं पाकीट आणलं. संत्र्याच्या आणि लिंबाच्या गार रसात ते भिजवलं, मंद आचेवर उकळू न देता विरघळवलं, आणि ड्रॉपरने थेंब थेंब सोडत साच्याचे खळगे भरले. तासाभराने साचा उलटा केला तेव्हा गोळ्या टपटप पडल्या. दाबल्या की दबत, सोडल्या की पुन्हा फुगत. तिला स्वतःशीच हसू आलं होतं. धाकटीसाठी चायना ग्रासच्या थोड्या वेगळ्या काढून ठेवल्या होत्या, पण सकाळपर्यंत त्यांना पाणी सुटलं. त्या तिने ओट्यावरच सोडल्या. डबा उघडताना धाकटीला सांगून टाकू, असं ठरवूनच ती घरातून निघाली होती.

आणि डबा उघडल्याबरोबर काका एक गोळी चावत म्हणाले, "दुकानातल्या झक मारतात." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणि याही चायना ग्रासच्या. याला म्हणतात हात." मिलीताई उठून हात धुवायला गेली. हात स्वच्छच होते.

संध्याकाळी निघताना धाकटीने उरलेल्या पाच गोळ्या कागदी रुमालात गुंडाळल्या. "आईला नेते. तिला काहीच जात नाही हो हल्ली."

मिलीताईने रिकामा डबा धुऊन पिशवीत टाकला.

घरी आल्यावर तिने जिलेटिनचं रिकामं पाकीट कचऱ्याच्या डब्यात टाकलं. मग त्याच्यावर भाजीची देठं टाकली. नवरा दारात उभा राहून बघत होता.

"सांगून टाक उद्या," तो म्हणाला. "विषय संपेल."

"तिने दोन खाल्ल्या."

"मग दोनांबद्दल माफी माग."

"पाच घरी नेल्या."

त्याने मान हलवली आणि तो आत गेला. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी ती अर्धा तास लवकर पोचली. वाक्य तिने बसमध्येच जुळवून ठेवलं होतं. पण धाकटी काउंटरवर आधीच येऊन बसली होती, आणि मिलीताईला बघताच उठून पुढे आली. तिचे डोळे भरलेले होते.

"पाचही खाल्ल्या, मिलीताई."

"कोणी?"

"आईने. घशाचे उपचार संपून दोन महिने झाले, चमचाभर पेजसुद्धा थुंकून टाकते. चव नाही म्हणते, माती लागते म्हणते. काल एक चघळली, मग दुसरी मागितली. स्वतः मागितली." तिने मिलीताईचे दोन्ही हात धरले. "आणखी कराल का? त्रास होणार तुम्हाला, पण कराल का?"

बसमध्ये जुळवलेलं वाक्य मिलीताईच्या तोंडातच विरघळलं. धाकटीची आई खाण्यापिण्यात धाकटीहूनही कडक आहे, इतकं तिला माहीत होतं. शेजारी मासळी तळली की खिडक्या लावून घेणारी बाई.

"करीन की," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी तिने मुद्दाम चायना ग्रास घेतलं. माप तीनदा बदललं, लिंबू वाढवलं, खोबऱ्याचं दूध घालून बघितलं. निदान आता तरी तोंडातून गेलेला शब्द खरा करायचा होता. जमल्या त्यातल्या त्यात मऊ गोळ्या तिने डब्यात भरल्या. दोन दिवसांनी डबा परत आला, होता तसा, एकच गोळी कमी.

"या त्या नव्हेत म्हणाली," धाकटी ओशाळून म्हणाली. "आजारी माणूस, चव बदलत असेल तिची. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

वाईट वाटून घेऊ नका, हे धाकटी तिला सांगत होती. मिलीताईने डबा पिशवीत कोंबला.

"रविवारी मीच येते घरी," ती म्हणाली. "आईंना भेटते."

रविवारी सकाळी तिने दोन डबे भरले. एकात चायना ग्रासच्या गोळ्या, दुसऱ्यात जिलेटिनच्या. दोघींच्या पुढ्यात दोन्ही ठेवायचे, कशात काय आहे ते सांगायचं, पाया पडायचं आणि मिळेल ते बोलणं ऐकून घ्यायचं. दुसरा डबा भरताना तिचे हात जरा थांबले. खरं सांगायला जाताना हा कशाला हवा, असं तिच्या मनात आलं. तरी तिने तो घेतला.

धाकटीचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. आई खिडकीशी पलंगावर उशांना टेकून बसली होती. शरीर पाचोळ्यासारखं, पण पंजे मोठे, बोटांची टोकं चपटी. भिंतीशी लोखंडी दाबयंत्र होतं आणि त्याच्यावर कुंड्या ठेवल्या होत्या.

"आई पुस्तकं बांधायची," मिलीताईची नजर बघून धाकटी म्हणाली. "शाळा-कॉलेजांची सगळी बांधणी आमच्याकडे यायची. मी चहा टाकते. तुम्ही बसा."

ती आत गेली. स्वयंपाकघराचं दार तिने ओढून घेतलं. मिलीताईने डबे मांडीवर घेतले.

"मावशी, मला तुम्हाला एक सांगायचंय. तुमच्या लेकीसमोरच सांगणार होते, पण आधी तुम्हाला सांगते. पहिल्या ज्या गोळ्या होत्या ना..."

"सरसाच्या होत्या," म्हातारी म्हणाली. तिचा आवाज कागदावर कागद घासावा तसा येत होता.

"सरसाच्या?" मिलीताईने विचारलं.

"पुस्तकं बांधायला चाळीस वर्षं हाडाकातड्याचा सरस शिजवलाय मी. भिजत घालायचा, दुहेरी भांड्यात वितळवायचा, उकळू द्यायचा नाही. तुझं ते जिलेटिन म्हणजे धुतलेला सरस. चावलं की ओठ एकमेकांना धरतात. चायना ग्रास कधी धरत नाही." ती दम खायला थांबली. "पहिलीलाच कळलं."

"मग..."

"मग काय? खाल्ल्या."

स्वयंपाकघरात कपबशा वाजल्या. हातात डबे नसते तर हातांचं काय करावं हे मिलीताईला कळलं नसतं.

"माझं चुकलं, मावशी. मी तिच्याशी खोटं बोलले. सगळ्यांसमोर कौतुक झालं आणि मला... आता ती आली की तिला सांगते."

"सांगायचं नाही."

"पण..."

"तुला मोकळं व्हायचंय. मला कळतं ते." म्हातारीने उशीवरचं डोकं वळवून दाराकडे पाहिलं. "ही नऊ वर्षांची होती. कुणाकडे तरी वाढदिवसाला गेलो होतो. हिने केकचा तुकडा खाल्ला. अंड्याचा. मी हिला पोरांच्या घोळक्यातून ओढत मोरीवर नेलं, घशात बोट घालायला लावलं. सगळी पोरं बघत होती. मी म्हटलं, जिभेवर ताबा नाही ती कसली माझी मुलगी." तिचा हात चादरीवर पुन्हा पुन्हा फिरत होता, सुरकुती नसलेल्या जागी. "तेव्हापासून विचारल्याशिवाय काही खात नाही ती. लोक तिला हसतात. हसतात ना?"

 लॅबमध्ये हसत असत. मिलीताईही हसली होती.

"आणि मी कळूनसवरून पाच खाल्ल्या. वर आणखी मागितल्या. तू सांगशील, ती तुला माफ करील. तिचा स्वभाव तसा आहे. मग माझ्याकडे बघेल. मी कुठलं तोंड दाखवू तिला?"

खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. म्हातारीने विचारलं, "आज आणल्यास?"

मिलीताईने दुसरा डबा उघडून पुढे केला. म्हातारीने एक गोळी घेतली. घाई केली नाही. गालात ठेवली, जिभेने फिरवली, हळूहळू चावली. तिच्या ओठांच्या कडा एकमेकींना जराशा चिकटून सुटताना मिलीताईला दिसल्या, आणि तिने नजर खाली घातली. खोलीत शिरताना कुणी कपडे बदलताना दिसावं, तसं तिला झालं.

"छान जमल्यात," म्हातारी म्हणाली. मग स्वतःच झाकण लावलं आणि डबा मिलीताईच्या पिशवीकडे सरकवला. "हा ने परत. पुन्हा आणू नकोस."

धाकटी चहा घेऊन आली. स्टुलावर चायना ग्रासचा डबा तेवढा होता. तिने दोघींच्या तोंडांकडे पाहिलं.

"खाल्लीस का गं आई?"

"खाल्ली एक."

धाकटीचा चेहरा असा उजळला, की मिलीताईला कपातल्या चहात बघावं लागलं. धाकटी पलंगाच्या कडेवर बसली, आईच्या पायावरची चादर सारखी केली, आणि मग काही सुचल्यासारखी उठून एक वही आणि पेन घेऊन आली.

"मिलीताई, मला लिहून द्या ना. सारखं तुम्हाला कुठे राबवू? मापासकट द्या, तुमच्या पद्धतीने. पण माझ्या हातून बिघडतील."

"बिघडू दे," आई म्हणाली. "तू कर. तुझ्या हातच्या मी खाईन."

"कुसकरल्या तरी?"

"तरी."

मिलीताईने वही मांडीवर घेतली. संत्र्याचा रस दोनशे मिलिलिटर. लिंबाचा रस वीस. साखर साठ ग्रॅम. चायना ग्रासची पूड, इथे पेन थांबलं. धाकटी तिच्या खांद्यावरून वाकून बघत होती. समोरून म्हातारीही बघत होती. मिलीताईने चार ग्रॅम लिहिलं, आणि पुढे लिहिलं, की रस उकळल्याशिवाय पूड विरघळत नाही, नीट दोन मिनिटं उकळू द्यावा. त्यात एकही आकडा चुकीचा नव्हता. तिने ते वरपासून खालपर्यंत दोनदा तपासलं, जसं ती रोज तपासायची, आणि हाताच्या सवयीने खाली तारीख घालून सही केली.

"सही कशाला?" धाकटी हसली. "तुमच्यावर माझा विश्वास नाही का?"

मिलीताईने पेनाचं टोपण लावलं. ते पहिल्या वेळी नीट बसलं नाही.