दोन वीत

समोरच्या कड्यात अडतीस दारं होती आणि एकशे चार खिडक्या. त्याच्याही वर, शिडीशिवाय पोचता येणार नाही अशा उंचीवर, कबुतरांसाठी कोरलेल्या खोबणींच्या सहा रांगा होत्या. थोरलीने त्याही मोजायला घेतल्या. दोनशेच्या पुढे गेली, तेवढ्यात मागून धाकटीचा आवाज आला.

"ताई, कबुतरांची शिरगणती झाली असेल तर फोटोत येतेस का?"

सहलीतली सगळी माणसं हसली. सगळ्यांत मोठ्याने दातांच्या डॉक्टरीणबाई हसल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी धाकटीला "आमची चिमणी" करून टाकलं होतं. थोरलीला मात्र "पट्टी" हे नाव पडलं होतं, आणि ते पाडलं होतं चिमणीनेच. पाण्याच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या बाईने पिशवीत मोजपट्टी बाळगली तर त्यात हसण्यासारखं काय आहे, हे थोरलीला कळत नव्हतं. पण ती फोटोत जाऊन उभी राहिली. बाबांच्या उजवीकडची जागा धाकटीने धरलेलीच होती.

खाली दरीभर दगडाचे सुळके उभे होते आणि प्रत्येकाच्या डोक्यावर काळ्या दगडाची टोपी होती. ज्वालामुखीची दगड झालेली राख पावसाने झिजते, वरचा काळा दगड झिजत नाही, म्हणून त्याच्या आडोशाला असलेली राख तेवढी उरते. थोरलीने हे बाबांना समजावून सांगितलं. बाबा लक्ष देऊन ऐकत होते, इतक्यात धाकटी म्हणाली, "बाबा, ती बघ, टोप्या घालून शाळेत निघालेली पोरं!" आणि बाबा खो खो हसले.

धाकटी बाबांना अरे-तुरे करायची. थोरलीला ते कधी जमलं नव्हतं.

तसं पाहिलं तर ही सहल म्हणजे निवाड्याआधीची सुट्टी होती. बाबांनी जन्मभर लोकांच्या घरांत फरशा बसवल्या होत्या. आता गुडघे बोलायला लागले होते आणि एकट्याने राहणं झेपत नव्हतं. दोघी बहिणींनी आपापल्या घरी त्यांच्यासाठी खोली तयार केली. "पलंग दोन वीत उंच ठेवा, गादी धरून," एवढीच बाबांची अट होती, तीही फोनवरून सांगितलेली. निघण्याआधी त्यांनी दोन्ही खोल्या पाहिल्या. धाकटीच्या पलंगावर बसून म्हणाले, "अगदी बरोबर." थोरलीच्या पलंगावर बसले तेव्हा टाचा जमिनीला टेकल्या नाहीत. "फिरून येऊ, मग सांगतो," म्हणाले. उद्या परतीचं विमान होतं.

ते "अगदी बरोबर" थोरली तेव्हापासून विसरली नव्हती.

कारण या घरात वीत म्हणजे बाबांची वीत. माणूस ठेंगणा, पण पंजा पहिलवानाचा. कपाट घ्यायचं असो की पडदे शिवायचे असोत, माप त्या पंजाने व्हायचं. थोरली कॉलेजात गेली त्या वर्षी दोघांनी भिंतीवर पंजे लावून पाहिले, तर नखाचाही फरक नव्हता. "घ्या, आता माझी वीत हिच्याकडे," बाबा म्हणाले होते, आणि धाकटी गाल फुगवून बसली होती. धाकटीला रूप मिळालं होतं, गोड गळा मिळाला होता, कुणालाही दोन मिनिटांत आपलंसं करायची कला मिळाली होती. थोरलीला वीत मिळाली होती. थोरलीने पलंग त्या वितीने केला होता, आणि तो चुकला होता. धाकटीने आपल्या चिमुकल्या हाताने कसा तरी मापला असणार, आणि तिचा बरोबर आला होता. म्हणजे बाबांना खोलीशी देणंघेणं नव्हतंच. त्यांचं आधीच ठरलं होतं.

सहलीत त्याचा पुरावाही रोज मिळत होता. हॉटेल कड्यातच कोरलेलं होतं. दोघी बहिणी एका खोलीत, बाबा शेजारच्या. सकाळी नाश्त्याआधी धाकटी हळूच उठायची आणि बाबांच्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायची. आतून हसणं ऐकू यायचं. मग दोघं बाहेर यायची, बाबा भांग पाडून, सदरा नीट खोचून, आणि धाकटीच्या चेहऱ्यावर आपण काही केलंच नाही असा भाव. काल थोरलीने विचारलं होतं, "काय एवढं खलबत चालतं?"

"गंमत," धाकटी म्हणाली होती.

थोरलीचा चहा तिथेच कडू झाला होता.

गाईड त्यांना कड्यातल्या एका घरात घेऊन गेला. चुलीच्या वर छत काळं पडलं होतं. भिंतीत दिव्यांचे कोनाडे होते आणि आतल्या खोलीत झोपण्यासाठी दगडातच सोडलेला लांबलचक ओटा. बाबा त्यावर बसले. पावलं जमिनीवर सपाट टेकली.

"वा! याला म्हणतात पलंग. दोन वीत." त्यांनी धाकटीकडे पाहिलं. "तुझ्याकडचा असाच आहे बघ."

थोरली पुढे झाली. वाकून तिने जमिनीपासून हात लावला. एक वीत झाली. दुसरी लावली, तर करंगळी ओट्याच्या काठावरून चांगली तीन बोटं वर गेली.

"दोन भरत नाहीत," ती म्हणाली.

"बघू." धाकटीने बसकण मारली आणि अंगठा-करंगळी ताणून मापलं. "भरल्या की! दोन म्हणजे दोन. हरली पट्टी!"

डॉक्टरीणबाईंनी टाळ्या वाजवल्या. "चिमणीचा हात वडिलांवर गेलाय हो!"

रूप धाकटीकडे गेलं तरी चाललं होतं, गळा गेला तरी चाललं होतं. हे एकच तर होतं तिचं. थोरलीच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"बाबांनाच मापू दे," ती म्हणाली.

"अगं, कशाला उगाच," बाबा म्हणाले.

"मापा ना. कुणाचा हात तुमच्यावर गेलाय ते तरी कळेल."

आवाज इतका चढला की गाईडने बाकीच्यांना गुपचूप पुढच्या खोलीकडे वळवलं. बाबा हळूच उठले, खाली वाकले आणि त्यांनी ओट्याला हात लावला. एक. दोन. बरोबर काठावर.

पण थोरली काठाकडे पाहत नव्हती. ती हाताकडे पाहत होती. अंगठा पुरता उघडतच नव्हता. करंगळी मधल्या पेरातून आत वळलेली होती, आणि ती सरळ करताना बाबांनी दात आवळले होते.

"कधीपासून?" तिने विचारलं.

बाबांनी धाकटीकडे पाहिलं. धाकटी जमिनीकडे पाहत म्हणाली, "वर्ष होईल. सदऱ्याची बटणं लागत नाहीत त्याला. मी लावते सकाळी."

"हिला सांगितलंत. मला नाही." थोरलीचा आवाज आता अगदी बारीक झाला होता, पण त्यातली धार गेली नव्हती. "मी काय परकी आहे?"

"तिलाही सांगितलं नव्हतं, तिने पाहिलं," बाबा म्हणाले. "आणि तुला सांगितलं असतं तर तू मोजलं असतंस."

पलीकडच्या खोलीतून फोटोंसाठी हाका आल्या. धाकटीने एकदा बहिणीकडे पाहिलं, एकदा बाबांकडे, आणि निघून गेली.

बाबा पुन्हा ओट्यावर टेकले. "हे बघ, मी तिच्याकडे जायचं ठरवलंय. तुझ्या पलंगावरून उतरताना मला भीती वाटते. पाय कुठे टेकणार ते कळत नाही."

"तो मी तुमच्या वितीने केला होता."

"माहीत आहे. मी बसल्याबसल्याच ओळखलं." ते हसले. "जुना माणूस आठवला."

"मग सांगायचं ना. पलंगाचे पाय कापता येतात."

"मग काप की. नको कोण म्हणतंय?"

"किती?"

"दोन वीत ठेव."

"कुणाची?"

बाबांनी आपल्या वळलेल्या करंगळीकडे पाहिलं. थोरलीने पिशवीतून मोजपट्टी काढली आणि ओट्यावर त्यांच्या शेजारी सरळ पसरली.

"बाबा, हात ठेव," ती म्हणाली. "दुखेल इतका ताणू नकोस. आपोआप उघडेल तेवढाच."

त्यांनी अंगठा शून्यावर टेकवला आणि बोटं सैल सोडली. थोरलीने खाली वाकून, डोळा पट्टीच्या बरोबर वर आणून, करंगळीच्या टोकापाशी आकडा वाचला.

वीस पूर्णांक एक दशांश सेंटीमीटर.