गरम पाण्याचं डिझेल

आखातातल्या मुसफ्फा या औद्योगिक वस्तीतल्या एका बांधकाम कंपनीच्या कामगार कॅम्पात बाबाजी परब नऊ वर्षं कॅम्प बॉस होते. हुद्द्यात बॉस असला तरी खोल्यांच्या किल्ल्या, तुंबलेल्या मोऱ्या आणि चारशे माणसांची भांडणं एवढंच त्यांचं राज्य. कुडाळजवळच्या त्यांच्या गावातली अकरा माणसं त्यांच्या शब्दावर या कंपनीत लागली होती. बाबाजींच्या शब्दाला तिथे वजन होतं, आणि त्या वजनावरच ते ताठ चालत.

डिसेंबर संपला आणि ऑफिसातून बोलावणं आलं. कॅम्पात अंघोळीचं पाणी तापवणारा डिझेलचा बॉयलर होता. थंडीत महिन्याला नऊशे लिटर पिणारं हे यंत्र या डिसेंबरात दोन हजार लिटर प्यायलं होतं. बॉयलरच्या खोलीची किल्ली फक्त बाबाजींच्या कमरेला असल्यामुळे अॅडमिन मॅनेजर उपेंद्र साहेबांना फार विचार करावा लागला नाही.

"तीन हजार दिरहम जास्त गेलेत, परब. म्हणजे पाऊण लाख रुपये. मी तुमच्यावर आरोप करत नाहीये, पण मॅनेजमेंटला एक्स्प्लनेशन हवंय," असं म्हणत साहेबांनी आरोपाचं पत्र पुढे सरकवलं. सोबत एक सर्क्युलरही होतं. यापुढे प्रत्येकाने पाच मिनिटांत अंघोळ उरकायची आणि तशी वहीत नोंद करायची. दिवसभर सिमेंट अंगावर घेणारा माणूस वहीत अंघोळ कशी लिहितो, हे एसीत बसून नियम काढणाऱ्या माणसाला कोण विचारणार?

बाबाजींची झोप उडाली. चोर हा शब्द पत्रात कुठेच नव्हता, पण प्रत्येक ओळीत त्यांना तोच दिसत होता. त्यांनी टाकी तपासली, पाइप तपासले, टँकरवाल्याची मापं पुन्हा घेतली. कुठे थेंबाची गळती नव्हती.

चौथ्या दिवशी सकाळी बी ब्लॉकच्या संडासात फ्लशची तक्रार आली म्हणून ते प्लंबर हारुनला घेऊन गेले. हारुनने साखळी ओढली आणि कमोडातून वाफ आली.

"ये गरम कब से आ रहा है?" बाबाजींनी विचारलं.

"पूरी सर्दी से, बाबाजी. फर्श धोने का पानी भी गरम, किचन का भी. सब बोले कंपनी सुधर गई. शिकायत करते तो बंद हो जाता ना?"

बाबाजींच्या स्वतःच्या मोरीला वेगळा छोटा गिझर, म्हणून त्यांना पत्ता नव्हता. आता सगळं लख्ख दिसलं. उन्हाळ्यात इथे गच्चीवरच्या टाकीचं पाणी अंग भाजून काढतं. म्हणून लोक घरातला गिझर बंद ठेवतात आणि त्यात साठलेलं, त्यातल्या त्यात गार पाणी गरमच्या नळातून घेतात. हीच घरगुती युक्ती उपेंद्र साहेबांनी जूनमध्ये अख्ख्या कॅम्पाला लावली होती. बॉयलर बंद, आणि एक वॉल्व्ह फिरवून संडासाच्या फ्लशसकट सगळ्या नळांना बॉयलरच्या टाकीचं पाणी. त्याबद्दल साहेबांना कंपनीचं इनोव्हेशनचं बक्षीस मिळालं होतं. फोटो छापून आला. हिवाळ्यात वॉल्व्ह परत फिरवायचा असतो, हे मात्र कुठल्याच कागदावर छापलं नव्हतं. बॉयलर बिचारा डिसेंबरपासून चारशे माणसांचे संडास शेकत होता.

आता खरं तर बाबाजींनी तडक ऑफिस गाठायला हवं होतं. पण बक्षीस मिळालेल्या साहेबाला तुमचंच चुकलं म्हणायचं कसं? आपला माणूस, उगाच त्याची नाचक्की नको. बाबाजींनी मोठ्या मनाने वॉल्व्ह गुपचूप फिरवला आणि हारुनलाही गप्प राहायला सांगितलं.

पंधरा दिवसांत डिझेल निम्म्यावर आलं. साहेबांनी बाबाजींना बोलावून स्क्रीनवरचा ग्राफ दाखवला. पत्र दिलं त्या आठवड्यापासून रेघ सरळ खाली उतरली होती.

"बघा, वॉर्निंग दिली आणि चोरी खलास. आता मी काय समजू?"

मग बाबाजींनी सगळं सांगितलं. वॉल्व्ह, फ्लश, वाफ. साहेबांच्या पाठीमागे भिंतीवर बक्षिसाची फ्रेम होती आणि साहेब तिच्याकडे न बघण्याची काळजी घेत होते.

"एवढं माहीत होतं तर पंधरा दिवस गप्प का बसलात?"

"तुमच्यासाठी, साहेब. वाटल्यास वॉल्व्ह आठवडाभर परत उघडतो. तुम्ही स्वतः डिझेल मोजा."

"म्हणजे आणखी एक आठवडा चोरी करायची परमिशन मागताय?"

साहेब दुष्ट नव्हते. नोकरी जाणार नव्हती. "यापुढे असं होणार नाही" एवढ्या ओळीखाली सही हवी होती, नाहीतर व्हिसा कॅन्सल. आपण गेलो तर गावच्या अकरा जणांकडे ऑफिसवाले कुठल्या नजरेने बघतील, या विचाराने बाबाजींनी सही केली. सही करताना त्यांना स्वतःचीच किळस आली.

संध्याकाळी कॅम्पात बातमी त्यांच्या आधी पोचली होती. त्यांच्याच वाडीतला राहुल, ज्याचा पासपोर्टचा फॉर्मसुद्धा बाबाजींनी भरला होता, खांद्यावर टॉवेल टाकून जवळ आला. आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना, हे त्याने बघून घेतलं.

"काका, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आमच्यातलं कुणी तुम्हांला नावं ठेवत नाहीये. सगळेच खातात," तो हळूच म्हणाला. "पण तुम्ही खात होता तेव्हा निदान आमच्याही सगळ्या नळांना गरम पाणी येत होतं."

बाबाजींनी वॉल्व्हची हकीकत सांगायला तोंड उघडलं. राहुल समजूतदारपणे मान डोलवत होता, ऐकायच्या आधीच.