उलट्या उताराची चाचणी

लक्ष्मीकांत सोहोनींनी आयुष्यात एकही वस्तू पहिल्या फटक्यात पास केली नव्हती. लखनौच्या एका सरकारी कारखान्यात चौतीस वर्षं ते तपासणी खात्यात होते, आणि निवृत्त झाले तेव्हा खातं बरोबर घरी घेऊन आले. पंख्याचा आवाज, कुकरची शिट्टी, दूधवाल्या भैयाचं माप, सगळं त्यांच्या नजरेखालून जायचं. चंद्रप्रभाबाईंनी एकदा वैतागून विचारलं होतं, "मग मला बरं पास केलंत?" त्यावर त्यांनी चेष्टा न करता, खरोखर आठवून सांगितलं, "तेव्हा मी ट्रेनिंगला होतो."

अशा माणसाने एके सकाळी चहा पिताना जाहीर केलं, "प्रभा, आपण कॅराव्हॅन घ्यायची. जीपच्या मागे जोडून ओढायची. आत बिछाना, शेगडी, मोरी. रस्ता संपला की तिथून पुढे जायचं."

चंद्रप्रभाबाईंनी सत्तावीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला होता. घळी, हिमनद्या, तराईची जंगलं, सगळं खडूने फळ्यावर काढलं आणि डस्टरने पुसलं. प्रत्यक्षात पाहिलं ते सांगली, लखनौ, आणि मधलं जे काय गाडीच्या खिडकीतून दिसेल तेवढं. चहाचा कप हातातच धरून त्या फळ्यावरची नावं मनात मोजायला लागल्या. पण नवऱ्यासमोर लगेच हुरळून जायची त्यांना सवय नव्हती.

"मोरीला दार असेल तर बघू," त्या म्हणाल्या.

झालं. दुसऱ्या दिवशी सोहोनींनी चाचणीचा तक्ता केला. एकेचाळीस मुद्दे. खड्ड्यात आदळल्यावर सांगाडा पिळतो का, दार अडकतं का, धूळ आत येते का, कपाटं आपोआप उघडतात का. मुलगी रुचा गोमती नगरात नोकरीला होती. तिला मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून हिंदीच यायची. तक्ता बघून ती म्हणाली, "पापा, गाड़ी ले रहे हो या दामाद?"

"जावयाला एवढे मुद्दे लावणार नाही," सोहोनी म्हणाले. "तो काही नाल्यातून न्यायचा नाही."

पहिली कॅराव्हॅन पाहिली ती गोमती नगरातल्या एका चकचकीत दुकानात. बाहेर मोठ्या अक्षरांत 'ऑफ-रोड' लिहिलेलं. आत मखमली सोफा, आरसे, आणि छताला चक्क झुंबर. समीर नावाचा तरुण विक्रेता दिव्यांचे रंग बदलून दाखवत होता, तोवर सोहोनी इस्त्रीच्या शर्टासकट गाडीखाली शिरले. बाहेर राहिलेल्या त्यांच्या दोन पायांशी समीर बराच वेळ अदबीने बोलत राहिला.

"खालून सगळं नाजूक आहे," पायांच्या दिशेकडून आवाज आला. "इसको ख़राब रास्ते पे चलाके दिखाओ."

समीर दचकला. "सर, ख़राब रास्ते पे क्यों ले जाएँगे?"

"बाहर ऑफ-रोड लिखा है ना!"

"सर, वो तो स्टिकर है."

तरी सोहोनींनी हट्ट सोडला नाही. दुकानामागच्या गल्लीत एक गतिरोधक होता, त्यावरून गाडी न्यायला लावली. पहिल्याच उडीत चारही कपाटं उघडली आणि झुंबर सोफ्यावर येऊन बसलं. चंद्रप्रभाबाईंना समीरचीच दया आली. सोहोनी मात्र तक्त्यावर फुल्या मारताना इतके खूश दिसत होते, की जणू त्यांना बोनस मिळाला.

पुढचे दोन महिने हेच चाललं. एका गाडीवर त्यांनी बादलीभर पाणी ओतलं, ते बिछान्यातून निघालं. दुसरीचं दार उघडल्यावर मिटेना, तिसरीचं मिटल्यावर उघडेना, आणि आत सोहोनीच होते. बाई कंटाळल्या. 'असा हा माणूस तपासतच राहणार आणि आपण अलीगंजातल्या घरातच म्हातारे होणार,' असं त्यांच्या मनात येऊ लागलं. आणि मग डिसेंबरात शहराच्या टोकाच्या चिनहटचे इरशादभाई भेटले.

इरशादभाईंचा कारखाना म्हणजे पत्र्याची मोठी शेड. आधी ते अ‍ॅम्ब्युलन्सच्या बॉड्या बांधायचे. माणूस साठीचा, पांढरी दाढी, आणि बोलणं असं की बाईंना वाटलं आपण कानात अत्तराचा फाया ठेवून घेतोय. शेडमध्ये उभी होती ती कॅराव्हॅन मात्र दिसायला अगदीच रांगडी. राखाडी रंग, उंच चाकं, जाड लोखंडी दांडा. ना झुंबर, ना आरसा.

"मज़बूत है?" सोहोनींनी थेट विचारलं.

"हुज़ूर, मज़बूत तो बस ऊपरवाले की ज़ात है," इरशादभाई म्हणाले. "ये तो लोहा है. आप आज़मा लीजिए."

सोहोनी खाली शिरले ते वीस मिनिटं बाहेर आले नाहीत. आले तेव्हा गप्प होते. लग्नाच्या इतक्या वर्षांत बाईंना ही खूण पाठ झाली होती. वस्तू आवडली की हे गप्प होत. बाईंनी तेवढ्यात मोरी बघून घेतली. दार होतं, आणि आतून कडीही होती.

ठरलं असं, की कॅराव्हॅन आपल्या जीपला जोडून इंदिरा कालव्याच्या बाजूला न्यायची. तिथे काठावरचे कच्चे रस्ते होते, चढ होते, खड्डे तर मागाल तेवढे. सोहोनींनी घरून व्हर्नियर कॅलिपर आणला होता. जीपच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर कॅराव्हॅनचा दांडा बसतो, त्यावर एक खीळ घालायची आणि वर साखळी अडकवायची, अशी ती जोडणी. इरशादभाईंनी ती करून दिली. सोहोनींनी गोळ्याचा व्यास मोजायचा म्हणून ती सोडवून घेतली.

ते गुडघ्यावर बसून मोजत होते, आणि इकडे जीपपाशी वेगळाच पेच उभा राहिला. सोहोनींच्या शेजारी पुढे कोण बसणार? इरशादभाई म्हणाले, भाभी साहिबा पुढे बसतील, मी मागे. पण जीपची मागची सीट काढून तिथे पाण्याचे कॅन भरले होते. "तो मैं पैदल आ जाऊँगा," ते शांतपणे म्हणाले. बाई म्हणाल्या, असं कसं, रस्ता तुम्हाला ठाऊक, तुम्ही बसा. ते म्हणाले, आपण उभ्या आणि मी बसलेला, हे या जन्मात होणे नाही. दोघंही मागे सरत सरत जीपपासून पाच पावलं लांब गेले.

"अहो, तुम्ही तरी सांगा यांना!" बाई ओरडल्या.

सोहोनी उठले. दांडा गोळ्यावर परत टेकवला, कॅलिपर फडक्याने पुसला, डबीत नीट ठेवला, डबी खिशात घातली, आणि भांडण मिटवायला आले. बाईंनीच शेवटी तोड काढली. "मी मागे कॅराव्हॅनमध्येच बसते. तुमचा तक्ताही भरते. आतून खडखड कुठे होते ते तुम्हाला पुढून काय कळणार?"

असं ओढल्या जाणाऱ्या गाडीत माणसाने बसायचं नसतं, हे सोहोनींना पक्कं ठाऊक होतं. पण आतून तपासणी होतेय या कल्पनेने त्यांना भुरळ पडली. "हळूच नेतो," ते म्हणाले.

बाई आत जमिनीलगतच्या बाकावर बसल्या, पाय समोरच्या कपाटाला घट्ट रोवले, तक्ता मांडीवर घेतला. पर्स जीपमध्येच राहिली, आणि पर्समध्ये फोन. गाडी निघाली. खड्डे आले. कपाटं उघडली नाहीत. धूळ आली नाही. बाई बरोबरच्या खुणा करत चालल्या, आणि मनातल्या मनात एकेक घळ, एकेक जंगल फळ्यावरून उतरून समोर यायला लागलं.

मग कालव्याच्या काठावरचा उभा चढ आला. मध्येच एक जोराचा दणका, आणि पुढून 'ठक्क' असा आवाज. क्षणभर सगळं थांबलं. आणि कॅराव्हॅन उलटी जायला लागली.

'कमाल आहे या माणसाची,' बाईंना वाटलं. 'आता रिव्हर्सही तपासतोय. निदान सांगायचं तरी!' पुढून काहीतरी जमीन खरवडत येत असल्याचा आवाज होत होता. त्यांनी शेऱ्याच्या जागी लिहिलं, 'पुढून खरखर. तेल घालावे.' गाडी डुलत डुलत खाली आली, कसलं तरी कुंपण मोडल्याचा कडकडाट झाला, आणि मग एका मऊ, भरीव धक्क्याने सगळं स्थिर झालं. मागच्या खिडकीत अंधार झाला होता. बाईंनी तक्त्यावर शेवटी बेचाळिसावा मुद्दा स्वतःच्या हाताने घातला, 'उलट्या उतारावर – उत्तम.' आणि नवरा विचारायला येईल म्हणून वाट बघत बसल्या.

पाच मिनिटं झाली तरी कोणी येईना, म्हणून त्यांनी दार ढकललं. एका बोटाने उघडलं. बाहेर बटाट्याचं शेत होतं, आणि हातात खुरपं घेतलेली एक उंच म्हातारी.

"ई का आय गवा!" म्हातारी कडाडली. "हमार सगरे कंडा तोरि डारेव!"

बाईंनी वळून पाहिलं. कॅराव्हॅनची पाठ गोवऱ्यांच्या पुरुषभर उंच ढिगात रुतून बसली होती. पुढे दांड्याने सरळ नांगरट काढली होती, ती शेतातून थेट कालव्याच्या चढापर्यंत. आणि चढावर जीप नव्हती.

तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याला कोणीच चालवत नव्हतं. त्या पायरीवर मटकन बसल्या. म्हातारीचा राग तिथेच उतरला. रामदुलारी तिचं नाव. तिने खुरपं टाकलं, घरातून गूळ-पाणी आणलं आणि बाईंच्या पाठीवरून हात फिरवत विचारलं, "अकेली चली आइव, बिटिया?"

"नहीं अम्मा," बाई म्हणाल्या. "नवरा... आदमी आगे निकल गया."

"सब निकरि जात हैं," रामदुलारी म्हणाली.

पुढे जीपमध्ये काय चाललं होतं ते बाईंना नंतर इरशादभाईंकडून कळलं. चढ संपल्यावर सोहोनी एकदम खुलले होते. "देखा? अब कितनी हल्की खींच रही है! लगता ही नहीं पीछे कुछ है!" इरशादभाई म्हणाले, "हुज़ूर की ड्राइविंग का कमाल है." असे ते कौतुक करत आणि करवून घेत तीन किलोमीटर गेले. मग सोहोनींनी आरशात पाहिलं.

ते परत आले तेव्हा जीप चढावरच सोडून नांगरटीतून पळत आले. एक बूट चिखलात राहिला होता. चष्मा वाकडा, चेहरा पिठासारखा. बाईंनी तोवर चांगली दहा-बारा वाक्यं तयार करून ठेवली होती. पण ते समोर आले, बाईंचा हात धरला आणि मनगटापासून खांद्यापर्यंत तपासून पाहिला.

"लागलं का?"

"नाही."

"प्रभा, खीळ मी घातली नाही. साखळीही नाही. कॅलिपर ठेवला आणि भांडण मिटवायला गेलो. चूक माझी आहे."

हे वाक्य बाई पहिल्यांदाच ऐकत होत्या. तयार केलेली सगळी वाक्यं वाया गेली. त्यांनी फक्त तक्ता पुढे केला. सोहोनींनी तो वाचला, 'तेल घालावे' पाशी थांबले, आणि खाली बसून डोळे पुसायला लागले. हसतायत की रडतायत ते इरशादभाईंनाही कळेना, म्हणून त्यांनी अदबीने तोंड फिरवलं.

"नको ही कॅराव्हॅन," सोहोनी म्हणाले. "कुठलीच नको. ज्याला एक खीळ आठवत नाही, त्याने जंगलात जाऊ नये. घरी बसू."

"वा!" बाई उभ्या राहिल्या. "दोन महिने मला गावभर फिरवलंत. आता कुठे एक सापडली, जी चढावरून सुटली, कुंपण फोडून गेली, आणि आतला एक चमचा हलला नाही. आणि नको? घ्यायची. हीच घ्यायची. खीळ मी घालीन."

"अगं, पण..."

"नापास तुम्ही झालात. गाडी नाही."

तेवढ्यात इरशादभाईंनी जीपमधून आणलेल्या पर्समध्ये फोन वाजला. रुचा होती. "मम्मी, कैसी निकली? चलाके देखी?"

"चालवायची गरजच पडली नाही," बाई म्हणाल्या. "तुझ्या बाबांशिवायही छान चालते."

मग राहिला गोवऱ्यांचा ढीग. इरशादभाईंनी जीप खाली आणून कॅराव्हॅन ओढून काढली, तसा उरलेला ढीगही कोसळला. सोहोनी बाह्या सरसावून म्हणाले, "मी लावून देतो, अम्मा." रामदुलारी खाटेवर बसून बघत राहिली. त्यांनी विटांसारख्या सरळ रांगा लावल्या. तिने खुरप्याच्या टोकाने एक गोवरी ढकलली, आणि रांग ढासळली.

"ई ना चली," ती म्हणाली. "फिर से लगाव."

दुसऱ्यांदाही नापास. तिसऱ्यांदा तिने स्वतः उठून दाखवलं, प्रत्येक थर जरा तिरपा, आतल्या अंगाला कललेला. सोहोनी मन लावून बघत होते, आणि विचारत होते की हा कोन साधारण किती अंशांचा. बाई आणि इरशादभाई हातोहात गोवऱ्या देत राहिले. दुपार कलेपर्यंत ढीग छातीएवढा झाला, कुंपणही बांधून झालं. रामदुलारीने सगळीकडून फिरून पाहिलं, मान हलवली, आणि चौघांसाठी राखेत बटाटे भाजायला टाकले.

जानेवारीच्या शेवटी, धुकं विरळ झाल्यावर, दोघं तराईच्या वाटेला लागले. पहिल्या मुक्कामावर सालाच्या झाडांखाली सोहोनी आत झोपले होते आणि चंद्रप्रभाबाई पायरीवर चहा घेऊन एकट्याच बसल्या होत्या. समोर गवत होतं, उंच, ओलं, पार क्षितिजापर्यंत. त्यांना आठवलं, आपण मुलांना हे गवत हिरव्या खडूने काढायला सांगायचो. प्रत्यक्षात ते पिवळं होतं.