रत्नाअक्काचे डबे

जळगावच्या त्या दुकानाच्या पाटीवर 'घरच्यासारखी चव' असं लिहिलेलं वाचून रत्नाअक्काने नाक मुरडलं. घरच्यासारखी म्हणजे कोणाच्या घरच्यासारखी? आत काचेच्या कपाटात बिस्किटं अशी मांडली होती, जणू मुलगी दाखवायला बसवली होती. खालच्या फळीवर चौकोनी तुकडे होते.

"आई, हे स्क्वेअर्स," सून सारिका म्हणाली. "खजुराचे, ओट्सचे, चॉकलेटचे."

वडी म्हणायची लाज वाटली की स्क्वेअर म्हणत असतील, असं अक्काने मनातल्या मनात ठरवून टाकलं.

अक्का एरंडोलची. मोतीबिंदू काढल्यानंतरच्या तपासणीसाठी ती कालच लेकाकडे, प्रेमराजकडे, आली होती आणि येताना नेहमीचा डबा घेऊन आली होती. कणीक, रवा, पिठीसाखर, घरच्या म्हशीचं तूप असा सगळा माल घेऊन ती दरवर्षी गिरधरच्या भट्टीवर जायची. तिथे सगळ्याच बायका आपापला माल घेऊन येतात आणि नानकटाई भाजून निघेपर्यंत भट्टीसमोरून हलत नाहीत. बाई हलली की तूप बदललंच म्हणून समजा. अक्का तर पाणी प्यायलाही उठत नसे. मग डबा एसटीने लेकाकडे रवाना व्हायचा. मागची दोन वर्षं मात्र डबा परतच आला नाही. विचारलं की सारिका फोनवर म्हणायची, "ह्यांच्या ऑफिसात आहे, आई. सगळे तुमच्या नानकटाईची वाट बघत असतात."

ही गोष्ट अक्काने भट्टीवर इतक्या वेळा ऐकवली होती, की शेजारची कमलबाई आताशा तोंडाला पदर लावून हसायची. हसेना का. तिच्या लेकाला कुठे ऑफिस होतं?

कालपासून यंदाचा डबा फडक्यात तसाच बांधलेला ओट्यावर पडून होता. प्रेमराजने त्याला हातसुद्धा लावला नव्हता. आणि आज संध्याकाळी पाहुणे येणार म्हणून सारिका बिस्किटं विकत आणायला निघाली. घरात डबाभर असताना! अक्काचं डोकं सणकलं. "थांब, मी पण येते," ती म्हणाली. "बघू तरी तुमची चव."

काउंटरवरच्या मुलीने चाखायला तुकडा दिला. अक्काने तो बराच वेळ तोंडात घोळवला.

"तूप कुठं गेलं ह्यातलं?"

"बटर आहे, आजी."

"असेल बाई. लाजून आत बसलंय."

मुलगी हसली. अक्काचं लक्ष मात्र तिच्या मागच्या फळीवर गेलं. तिथे शोभेला दोन स्टीलचे डबे ठेवले होते. एकात वाळकी फुलं खोचलेली, दुसऱ्यात लाकडी चमचे. अक्काची नजर आता नवी होती. काठाशी कोरलेलं नाव तिला इथूनही वाचता आलं: सौ. रत्नाबाई सुकदेव पाटील, एरंडोल.

"ते डबे कुठले गं?"

सारिकाने तिचा दंड धरला. "आई, चला. उशीर होतोय."

"छान आहेत ना?" मुलगी म्हणाली. "ह्या मॅडमच आणून देतात, नानकटाई भरून. आम्ही 'आजीची नानकटाई' म्हणून ठेवतो, दोन दिवसांत संपते. ह्यांच्या गावाकडे कोणी गरजू म्हातारी आहे, तिला तेवढाच आधार होतो."

गरजू! दारात तीन म्हशी, केळीचा बाग, आणि गरजू! अक्काची कानशिलं तापली.

"फुलं काढ," ती म्हणाली. "चमचे पण काढ. डबे माझे आहेत."

मुलीने सारिकाकडे पाहिलं. सारिकाने जमिनीकडे. "आई, इतकं तूप आम्हाला झेपत नाही," ती पुटपुटली. "तुम्हाला सांगायचं तरी कसं?"

"तोंडाने. भट्टीपुढं हाडं शेकत बसले नसते मी."

प्रेमराजला हे ठाऊक आहे का, एवढंच आता विचारायचं राहिलं होतं. प्रश्न अगदी ओठांवर आला. पण विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि अक्का त्या उत्तराला भ्यायली. तिने दोन्ही डबे पिशवीत घातले, घरून तिसरा उचलला आणि लेक ऑफिसातून यायच्या आत बसस्टँड गाठलं.

एसटीत तिने फडकं सोडलं आणि अख्ख्या बसला नानकटाई वाटली. कंडक्टरने दोनदा मागून घेतली. एरंडोल येईपर्यंत डब्यात चुरासुद्धा उरला नव्हता.

घराच्या वाटेवर गिरधरची भट्टी लागते. समोरच्या बाकावर कमलबाई आपल्या मालावर पहारा देत बसली होती.

"काय वं अक्का, लगेच परत उनी? पोऱ्याले आवडनी का नानकटाई?"

अक्काने तिन्ही रिकामे डबे बाकावर आपटले.

"हाफिसमा बठ्ठासनी खाई टाकी."

ऑफिसात सगळ्यांनी खाऊन टाकली म्हणे. कमलबाईने डब्यांकडे पाहिलं. मग अक्काच्या तोंडाकडे पाहिलं. या वेळी तिने पदर तोंडाला लावला नाही. ती गुपचूप सरकली आणि अक्कासाठी बाकावर जागा करून दिली. ती हसली असती तर अक्काला बरं वाटलं असतं.