दोन घरांपुरती उरलेली पाटी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पाटी आहे आणि भारी मत्सरी आहे, हे आधीच सांगून टाकते. जपानमधल्या एका लहान गावात, नऊ घरांच्या गल्लीत माझं आयुष्य गेलं. माझ्या चिमट्यात गल्लीच्या सूचना अडकवलेल्या असतात. मी ज्याच्या घरी जाईन त्याने त्या वाचायच्या, आपल्या नावाचा शिक्का मारायचा आणि मला पुढच्या घरी पोचवायचं.

सव्वीस वर्षांपूर्वी गावच्या सुताराने मला कापलं, घासलं. तेव्हापासून गल्लीत माझा मान होता. बेल मात्र कुणी वाजवत नसे. मला पिशवीत घालून दाराच्या कडीला अडकवायचं आणि हळूच निघून जायचं. कुणाला उगाच त्रास नको, ही इथली रीत.

मग पाचव्या घरात नेव्हिन राहायला आली. ती तुर्कस्तानची, स्टेशनजवळच्या बेकरीत काम करते. तिने हौसेने आपल्या नावाचा शिक्का कोरून घेतला होता. तो पहिल्यांदा माझ्या कागदावर उमटला तेव्हा ती लहान मुलीसारखी हसली. मला वाटलं, ही आपली झाली. पण तिला रीत कुठे ठाऊक! तिने सहाव्या घराची बेल वाजवली आणि दार उघडेपर्यंत उभी राहिली.

त्या घरात त्सुकुदा आजी एकट्याच असतात. त्या घाबऱ्याघुबऱ्या बाहेर आल्या.

"अगंबाई, काय झालं? आग लागली का कुठे?"

"नाही हो आजी, पाटी आणलीय."

"एवढंच ना? मग ये आत. भोपळा शिजवलाय, चव बघ."

झालं! तेव्हापासून दर खेपेला दोघींच्या गप्पा आणि मी चपलांपाशी पालथी. नेव्हिन तीळ लावलेला पाव न्यायची, आजी तो दोन्ही हातांनी घ्यायच्या. मला कुणी कधी असं घेतलं नव्हतं. त्या पावाचा मला असा राग यायचा म्हणून सांगू!

एकदा मी तिथेच तीन दिवस पडून राहिले. माझ्यावर रविवारच्या गटारसफाईची सूचना होती. पुढच्या तीन घरांना ती कळलीच नाही, त्यामुळे त्यांच्यातलं कुणी सफाईला आलं नाही. गल्लीचे प्रमुख हिरायासू-सान बैठकीत भडकले. "बास झाली ही पाटी! आता मोबाइलवर ग्रुप करू."

"माझ्याकडे कुठला आलाय तसला मोबाइल?" आजी हळूच म्हणाल्या. "मला मग काही कळणारच नाही."

नेव्हिनने उठून, कमरेत वाकून माफी मागितली. "चूक माझी आहे. ग्रुप खुशाल करा, पण पाटी मला द्या. आजींना सगळं मी कळवीन."

"आणि पुन्हा गप्पांत विसरलात तर?" हिरायासू-साननी विचारलं.

"तर अख्खं गटार मी एकटी उपसेन!"

सगळे हसले, हिरायासू-सानसुद्धा. माझा जीव वाचला.

आता मी दोनच घरांत फिरते. जाताना नेव्हिन मला छातीशी धरते, त्यात मी समाधान मानलं होतं. पण परवा सूचना एकही नव्हती. तिने मला खुंटीवर अडकवलं, पावही घेतला नाही, आणि रिकाम्या हातांनी आजींची बेल वाजवली. मी कान टवकारून ऐकत होते. काय आणलंस, असं आजींनी विचारलंसुद्धा नाही. नुसतं "ये गं" म्हणाल्या.

मी जळून खाक झाले. मित्रांनो, तुमच्या शेजारी कुणी परक्या गावाहून आलं असेल, तर पहिल्यांदा काहीतरी हातात घेऊन जा आणि बेल वाजवा. पुढे त्याची गरज उरणार नाही. पण त्या पहिल्या दिवशी जी वस्तू तुमच्या हातात होती, तिला खुंटीवर विसरू नका. मधूनमधून तिलाही सोबत न्या, काम नसलं तरी.