लान्सीची जागा

बावन्नाव्या वर्षी मी कम्युनिटी कॉलेजात पर्यावरणशास्त्र शिकायला लागले, तेव्हा माझा नवरा लान्सी खो खो हसला. "शर्ली, समुद्र काय पुस्तकात असतो? माझ्याबरोबर गळ टाकायला चल, फुकट शिकवतो." हे चल म्हणणं नुसतं तोंडदेखलं. मासे कुठे पकडतो ते त्याने आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. वसईत त्याचे वडील आपली जागा कोणाला कळू देत नसत, आणि बाहरीनमध्ये वीस वर्षं काढूनही याची ती खोड गेलेली नाही.

दर शुक्रवारी चर्चमधल्या मिसाच्या आधी तो मासळी आणून ओट्यावर टाकतो. बाजारातली बर्फातली मासळी मी मेबलला देत नाही. मेबल माझी सून, तिला सातवा महिना लागलाय. तिला माशाचा वाससुद्धा नको होतो, पण मी कसली ऐकते! "बाळासाठी खा" म्हणत डोकं तिच्याच ताटात वाढते आणि संपेपर्यंत समोर बसून राहते.

शनिवारी वर्गात गाळाच्या तपासणीचे निकाल आले. प्रत्येक गटाने वेगळ्या किनाऱ्यावरचा गाळ आणला होता. आमचा झल्लाकचा स्वच्छ निघाला, म्हणून मी जरा ताठच बसले होते. मग मुनीरा मॅडमनी फहादच्या गटाचा आकडा फळ्यावर लिहिला. शिसं, मर्यादेच्या अकरा पट.

"तिथे एका वर्कशॉपचा जुना पाइप समुद्रात सुटतो," फहाद म्हणाला. "पाणी कोमट असल्यामुळे मासे गोळा होतात. लोक गळ टाकतात, मॅडम."

"गरोदर बाईने तर तिथला मासा तोंडालाही लावू नये," मॅडम म्हणाल्या.

"कोण मूर्ख तिथले मासे खात असेल?" मी शेजारच्या शाजियाला म्हणालेसुद्धा.

फहादने फोटो लावला. पाइपाचं तोंड, काळा गाळ, कडेला रंगाचा पालथा डबा आणि डब्यावर बांधलेली उशी. उशीवर निळी फुलं, एका बाजूची शिवण पिवळी. निळा दोरा संपला म्हणून मी पिवळा ओवला होता. लान्सीची कंबर दुखते, म्हणून गेल्या नाताळात मीच शिवून दिली होती ती.

मॅडम काहीतरी विचारत होत्या, मला नुसते त्यांचे ओठ हलताना दिसत होते. कशीबशी फोन घेऊन बाहेर आले. मेबलने लगेच उचलला.

"मेबल, कालचं कालवण फेकून दे. आत्ताच्या आत्ता."

"संपलं की मम्मी!" ती हसत होती. "आज पहिल्यांदाच मला वास नाही आला. डोकंसुद्धा सगळं खाल्लं. म्हटलं, तुम्ही एवढ्या मागे लागता, एकदा खूश करू तुम्हाला."

मी भिंतीला धरून उभी राहिले.

"मम्मी? ऐकताय ना? रिकाम्या ताटाचा फोटो काढलाय, पाठवू?"